आज निळा की काळा?

दर बुधवारी रात्री नऊच्या सुमाराला आमच्या घरात एकच प्रश्न असतो, "आज निळा की काळा?" नवरा जिन्यातून ओरडून विचारतो, मी फ्रिजवर चिकटवलेलं कॅलेंडर बघते म्हणते पण बघत नाही, पडदा बाजूला करून समोरच्या इटालियन आजोबांनी कचऱ्याचा कुठला डबा बाहेर काढलाय ते बघते. खरं सांगायचं तर आमची अख्खी गल्ली त्या आजोबांच्या भरवशावर चालते. त्यांनी निळा काढला की सगळ्यांचा निळा, त्यांनी काळा काढला की सगळ्यांचा काळा. मागे एकदा एका लाँग वीकेंडनंतर आजोबाच चुकले आणि सकाळी बघते तर दोन्ही बाजूंना ओळीने निळे डबे उभे, आणि गाडी आली ती काळ्याची. एकही डबा न उचलता ती शांतपणे निघून गेली. सगळ्यांचा काळा कचरा आणखी दोन आठवडे घरात पडून. आजोबांना कोणी काही बोललं नाही पण त्या आठवड्यात सगळ्यांचं हॅलो जरा कोरडंच होतं.

आम्ही टोरंटोत राहतो, स्कारबरोच्या बाजूला. घराचा वरचा भाग आमचा, बेसमेंटमध्ये दोन कॉलेजची पोरं, आणि डबे सगळ्यांचे मिळून तीन. हिरव्यात ओला कचरा, निळ्यात रिसायकलिंग, काळ्यात उरलेलं सगळं. हिरवा दर आठवड्याला जातो, निळा आणि काळा आलटून पालटून. आदल्या रात्री आठच्या आधी बाहेर ठेवायचा नाही आणि सकाळी सातच्या नंतर ठेवून उपयोग नाही. काळ्या डब्याच्या साइजप्रमाणे वर्षाचे पैसे लागतात, मोठा डबा जास्त पैसे, त्यामुळे लँडलॉर्डने अर्थातच मोठा घेतलेला नाही. २००८ पासून ही पद्धत आहे आणि माझ्या मते त्यातली सगळ्यात हुशार गोष्ट तीच, कारण माणूस पर्यावरणासाठी नाही पण छोटा डबा पुरला पाहिजे म्हणून मात्र नक्की कचरा वेगळा करतो.

तर हे सगळं मला अंगवळणी पडलं होतं आणि मी स्वतःला यातली एक्स्पर्ट समजायला लागले होते, तेवढ्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये आई आली. माझ्या बाळंतपणाला. सहा महिन्यांसाठी. बॅगेत डिंक, अळीव, खारीक, बाळंतकाढ्याच्या पुड्या आणि जुन्या नऊवारी साड्यांच्या चार दुपट्यांसकट.

पहिल्याच संध्याकाळी चहा झाला आणि आई हातात गाळणं घेऊन किचनमध्ये उभी. "चोथा कुठे टाकू गं?" मी तिला कौतुकाने वीस मिनिटांचं भाषण दिलं. चोथा हिरव्यात, टी बॅग पण हिरव्यात, दुधाची पिशवी धुवून निळ्यात, बिस्किटाचं चकचकीत रॅपर काळ्यात, आणि बाहेरून आणलेल्या कॉफीच्या कपाची तर गंमतच होती तेव्हा, कप काळ्यात, झाकण निळ्यात, पण झाकण काळ्या रंगाचं असेल तर ते काळ्यात, आणि कपाला गुंडाळलेला पुठ्ठा परत निळ्यात. आई ऐकत होती. मग म्हणाली, "ते सगळं ठीक आहे, पण ताई कधी येतात?"

"कोण ताई?"

"कचऱ्याच्या."

आता हे पुण्याबाहेरच्यांना सांगायला पाहिजे. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कचरा म्हणजे ताई. सकाळी पावणेनऊला बेल वाजते, ओला एका बादलीत, सुका एका पिशवीत, दोन वाक्यं बोलणं, दिवाळीला फराळ आणि साडी. कचरा वेचणाऱ्या बायकांची संघटना पुण्यात १९९३ ला झाली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, आणि पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली जिचा २००८ मध्ये महापालिकेशी करार झाला, म्हणजे ज्या बायका आधी कुंडीत वाकून कचरा निवडायच्या त्या दारात येऊन तो रीतसर घ्यायला लागल्या. आईला हा इतिहास वगैरे माहीत असेल नसेल, पण तिला एवढं पक्कं माहीत होतं की सुका कचरा ताई घरी नेऊन निवडणार, विकणार, ते त्यांचे पैसे. म्हणून आमच्याकडे दह्याचं भांडं धुतल्याशिवाय पिशवीत जायचं नाही. म्हणून पॅड आणि डायपर जुन्या पेपरात गुंडाळून वर लाल पेनाने ठिपका काढायचा, म्हणजे ताईंना उघडून बघावं लागत नाही. मी कॉलेजात असताना आईशी यावरून वाद घालायचे की तो कचराच आहे ना, इतकी काय स्वच्छता. तेव्हा तिचं एकच उत्तर असायचं, "त्यांचा हात लागतो त्याला."

इथे हात नाही लागत कोणाचा. म्हणजे हात आहे, पण तो गाडीला आहे. गुरुवारी सकाळी आई मुद्दाम खिडकीत उभी राहिली. गाडी आली, बाजूने लोखंडी हात निघाला, डबा कवेत घेतला, वर नेऊन उलटा केला, दोनदा आपटला आणि परत ठेवला, बरोबर तिथेच नाही, थोडा तिरका. आत एकटा ड्रायव्हर, कानात काहीतरी घालून. खाली उतरला नाही, बघितलंही नाही. याच हातासाठी दोन डब्यांमध्ये अंतर सोडायचं असतं आणि झाकणाचं तोंड रस्त्याकडे करायचं असतं, नाहीतर तो उचलत नाही. आईने गाडी वळेपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "मग आपण एवढं धुतोय ते कोणासाठी?"

मला पटकन सुचलं नाही. मी म्हटलं मशीनसाठी. तसं ते खोटं नाही, कारण निळ्यात खरकटं गेलं की बाकीचा चांगला कागद पण भिजतो आणि सगळंच फुकट जातं. पण आईचं समाधान झालं नाही ते मला दिसलं.

मग बाळ झालं, २० नोव्हेंबरला, आणि डायपर सुरू झाले. नवीन जन्मलेलं बाळ दिवसाला दहा-बारा डायपर सहज करतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आई पहिल्या दिवशी लाल पेन शोधत होती. मी म्हटलं, आई, डायपर हिरव्यात.

"हिरव्यात म्हणजे? भाजीच्या देठांत?"

हो. टोरंटोत डायपर, पॅड, कुत्र्याची शी, मांजराची वाळू, सगळं हिरव्या डब्यात चालतं आणि ते सुद्धा साध्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. दुसऱ्या गावांतल्या मैत्रिणींना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी हे अजिबात चालत नाही. इथे चालतं ते पुढच्या मशीनमुळे. हा सगळा माल एका मोठ्या टाकीत पाण्याबरोबर घुसळतात, मिक्सरच म्हणा ना, त्यात अन्नाचा लगदा होतो आणि प्लास्टिक वेगळं निघतं ते काढून टाकतात, मग तो लगदा बंद टाकीत हवेशिवाय कुजवतात, त्याचा गॅस होतो आणि उरलेल्याचं खत. शहराच्या डफरिन नावाच्या प्लांटमधला गॅस तर २०२१ पासून साफ करून गॅसच्या पाइपलाइनमध्ये सोडतात. हे मी आईला फार मोठं काहीतरी सांगतेय अशा थाटात सांगितलं. ती बाळाला शेक देत होती. मानही वर न करता म्हणाली, "म्हणजे गोबर गॅस." झालं. आजोळी मामाच्या गोठ्यामागे तेच होतं, तिने लहानपणी त्यावर चहा केलेला.

पण गोबर गॅस असो नाहीतर अजून काही, खरी पंचाईत त्यानंतर झाली. निर्माल्याची.

आई रोज पूजा करते. फुलं इथे महाग म्हणून दोनच, पण फुलं असतात, तुळस असते, चतुर्थीला दूर्वा नाही मिळाल्या तर आपलं लॉनचं गवत. पहिले दोन-तीन दिवस ती ते एका वाटीत साठवत होती, मग मला विचारलं, हे कुठे. मी बाळाच्या झोपेत दोन तास झोपलेली, डोकं बंद, मी म्हटलं हिरव्यात. आई काही बोललीच नाही. वाटी उचलून आत नेली. रात्री नवऱ्याला हळूच विचारताना ऐकलं, "अहो, तुम्हीच सांगा, देवाची फुलं डायपरात टाकायची का?" जावयाला काय बोलावं सुचेना, तो म्हणाला, "नाही हो आई, नाही टाकायची." सुटला बिचारा.

आता यावर उपाय सापडला तो शेजारच्या मावशींमुळे. या मावशी श्रीलंकेतल्या जाफन्याच्या, तमिळ, १९९० च्या आसपास इकडे आलेल्या. मराठी येत नाही, आईला तमिळ येत नाही, दोघींचं इंग्लिश पण जेमतेम, पण दोघी कुंपणावरून अर्धा अर्धा तास बोलायच्या. मावशींच्या घरातली फुलं जायची पानांच्या पिशवीत. इथे शरद ऋतूत मेपलची पानं इतकी पडतात की ती गोळा करायला वेगळ्या जाड कागदी पिशव्या मिळतात, खाकी, कमरेएवढ्या उंच, आणि त्या पिशव्या वेगळ्या गाडीने जातात. त्यात फक्त झाडपाला. ना खरकटं ना डायपर. त्याचं खत होतं आणि उन्हाळ्यात महापालिकेच्या कार्यक्रमांत ते फुकट वाटतात पण. आई एकदम खूश. त्या आठवड्यात तिने आमची, मावशींची आणि मला वाटतं इटालियन आजोबांची पण निम्मी पानं गोळा केली, कानटोपी घालून, साडीवर नवऱ्याचं जॅकेट घालून, आणि प्रत्येक पिशवीत वरून थोडं निर्माल्य.

डिसेंबरच्या मध्याला ही गाडी बंद झाली. ती थेट मार्चमध्ये येते. तीन महिन्यांचं निर्माल्य मग गॅरेजमध्ये, एका पिशवीत, उणे पंधरात कडक गोठलेलं. ते काही कुजत नाही नि वास नाही, फ्रीजरच तो. मार्चमध्ये झेंडू जसाच्या तसा निघाला, फक्त जरा काळवंडलेला.

थंडीचा त्रास हिरव्या डब्याला जास्त होतो. ओला कचरा तळाशी गोठून बसतो, गाडीचा हात डबा उलटा करतो, आपटतो, आणि आत सगळं तसंच चिकटलेलं. आमचा जानेवारीत दोन आठवडे अर्धाच रिकामा होत होता. आईने बघितलं आणि म्हणाली तळाला पेपर घाला की. घरात पेपर कुठला, सगळं फोनवर. पण सुपरमार्केटची रंगीत जाहिरातीची पानं दर आठवड्याला दारात पडतात, ती मी आजवर न बघता निळ्यात फेकायचे, आईने आल्या दिवसापासून ती घडी घालून रद्दी म्हणून साठवली होती. बेडखाली. विकता येत नाही हे माहीत असून. ती रद्दी कामाला आली. तळाला चार पानं, मध्ये मध्ये एकेक, डबा एकदम सुटा.

आणि दुधाच्या पिशव्या! हे लिहायलाच पाहिजे. कॅनडात सगळीकडे नाही पण ऑन्टारियोत दूध पिशवीत मिळतं. चार लिटरची एक मोठी पिशवी आणि तिच्यात १.३३ लिटरच्या तीन पिशव्या, त्या एका जगमध्ये उभ्या ठेवून कोपरा कापायचा. बाकीच्या देशी लोकांना याचं नवल वाटतं, आईला वाटलं नाही, तिला उलट पहिल्यांदाच वाटलं की हे लोक आपल्यासारखे आहेत. तिने कात्री घेतली आणि कोपरा पूर्ण न तोडता लटकता ठेवला, कारण तो एवढासा तुकडा वेगळा झाला की कुठेच जात नाही, गटारात जातो. मग रिकामी पिशवी उलटी करून धुतली आणि सिंकच्या वरच्या टाइलवर फाटकन चिकटवली. वाळायला. मी आठ वर्षांनी टाइलवर चिकटलेली दुधाची पिशवी बघितली आणि काय झालं कोणास ठाऊक, बाळंतीण बाई, मी ढसाढसा रडले. आई म्हणाली, "अगं वाळली की काढते ना."

२०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली तेव्हा दुधाची पिशवी पन्नास पैशांना परत घ्यायची असं ठरलेलं. आमच्या दुधवाल्याने कधी घेतली नाही आणि आईने धुणं कधी सोडलं नाही. इथे तर मावशींच्या ओळखीच्या बायका त्या मोठ्या बाहेरच्या पिशव्या पट्ट्या कापून क्रोशाने विणतात आणि चटया करतात, जिथे लोकांना जमिनीवर झोपावं लागतं तिकडे पाठवायला. आईचा क्रोशाचा हात चांगला. फेब्रुवारीपर्यंत तिने एक चटई विणून मावशींना दिली आणि दुसरं छोटं आसन स्वतःला, पूजेला बसायला. जाताना पुण्याला घेऊन गेली ते. दुधाच्या पिशवीचं आसन, कॅनडाचं, आता कोथरूडला.

रॅकूनचं राहिलंच. रॅकून म्हणजे तोंडाला काळा मुखवटा घातलेलं बोक्यापेक्षा थोराड जनावर, पुढचे पाय अगदी माणसाच्या हातासारखे, आणि टोरंटोत कुत्र्यांपेक्षा हेच जास्त दिसतात रात्री. हिरवे डबे २००२ पासून टप्प्याटप्प्याने आले तेव्हा जुने छोटे डबे हे प्राणी रोज उघडायचे, म्हणून २०१६ पासून खास त्यांच्यासाठी, म्हणजे त्यांच्याविरुद्ध, नवीन डबा आणला, त्याच्या झाकणाला फिरवायचं लॉक. गंमत अशी की ते लॉक डबा उलटा झाला की आपोआप सुटतं, त्यामुळे गाडीला त्रास नाही आणि जनावराला डबा उलटा करता येत नाही. टोरंटोकरांचं या प्राण्याशी नातं जरा विचित्र आहे, २०१५ मध्ये यंग स्ट्रीटच्या फुटपाथवर एक मेलेला रॅकून दिवसभर पडून होता तर लोकांनी त्याच्याभोवती मेणबत्त्या, फुलं, फ्रेम केलेला फोटो वगैरे ठेवून रीतसर श्रद्धांजली वाहिली होती.

आमच्याकडे एका रात्री लॉक नीट फिरवायचं राहिलं. कोणाचं राहिलं यावर अजून एकमत नाही. सकाळी ड्राइव्हवेभर डायपर, मेथीची देठं, शेवग्याच्या चोखलेल्या शेंगा. एक रॅकून अजून तिथेच, आळिवाच्या लाडवाचा कागद दोन्ही हातांत धरून चाटत बसलेला. आईने दार उघडलं, त्याने वर बघितलं, आईने बघितलं. "हड्!" म्हणाली. तो हलला नाही. मग म्हणाली, "बाळंतिणीचा लाडू आहे रे तो," आणि दार लावून घेतलं.

काळ्या डब्याबद्दल आई फारसं बोलायची नाही, पण एकदा विचारलं तो कुठे जातो. आमचा काळा कचरा जातो इथून साधारण दोनशे किलोमीटरवर, लंडन नावाच्या गावाजवळ. इकडच्या लंडनजवळ. तिथली जमीन शहराने २००७ मध्ये विकत घेतली. त्याच्या आधी तर टोरंटोचा कचरा ट्रकने सीमा ओलांडून अमेरिकेत जायचा, मिशिगनला, ते २०१० च्या शेवटाला बंद झालं. आईने विचारलं, "आणि त्या गावच्या लोकांनी काय घोडं मारलंय यांचं?" तिच्या डोळ्यासमोर उरुळी देवाची आणि फुरसुंगी असणार, पुण्याच्या गाड्या अडवणारी ती गावं, पेपरात दर थोड्या दिवसांनी फोटो यायचे. मी म्हटलं इथे आंदोलन वगैरे काही दिसत नाही. पण मावशींनी सांगितलं की २००९ च्या उन्हाळ्यात शहराच्या कामगारांचा संप झाला होता, ३९ दिवस, आणि कचरा पार्कांमध्ये डोंगर करून ठेवला होता, तेव्हा मात्र सगळ्या शहराला कळलं कोण काय उचलतं ते. आईला तो किस्सा फार आवडला. दोनदा सांगायला लावला.

आता बाटल्यांचं. हे मला स्वतःला माहीत नव्हतं, आठ वर्षं राहून.

बाळ पहाटे साडेपाचला उठायचं आणि आई त्याला घेऊन खिडकीशी बसायची. एका गुरुवारी, निळ्याच्या दिवशी, मला म्हणाली, "इथे पण आहेत गं ताई." एक चिनी आजी. सत्तरीच्या असतील. दोन चाकांची बाजारहाटाची ट्रॉली, तिला दोन्ही बाजूंना पिशव्या बांधलेल्या, हातात रबरी मोजे. डबा उघडायच्या, वरचं अलगद बाजूला करायच्या, बिअरचे कॅन नि बाटल्या काढायच्या, बाकीचं परत तसंच रचून झाकण लावायच्या. ऑन्टारियोत बिअरच्या कॅनवर, बाटलीवर दहा सेंट डिपॉझिट असतं, वाइनच्या मोठ्या बाटलीवर वीस सेंट, दुकानात परत दिली की पैसे मिळतात. लोकांना कंटाळा येतो म्हणून ते निळ्यात टाकतात. आईने लगेच हिशेब केला, "दहा सेंट म्हणजे सहा रुपये. पुण्यात एका बाटलीचे एवढे येत नाहीत."

पुढच्या वेळेपासून आईने बाटल्या डब्यात टाकूच दिल्या नाहीत. धुवून, एका पिशवीत, पिशवी डब्याच्या हँडलला अडकवून. आजींना वाकायला नको. याच्यात नवऱ्याची फार पंचाईत झाली कारण आत्तापर्यंत त्याचे कॅन पेपराखाली दडून निळ्यात जायचे, आता सासूबाई ते विसळून, मोजून, पिशवीत भरत होत्या. तिने त्याला कधी एका शब्दाने काही म्हटलं नाही. एकदा फक्त म्हणाली, "या वेळी कमीच आहेत हो, आजी एवढ्या थंडीत येतात." तो बिचारा दोन दिवस विचार करत होता हे टोमणा आहे का मागणी आहे.

संक्रांतीला आईने तिळाचे लाडू केले. इथल्या देशी हॉटेलातून जेवण मागवलं की ते काळ्या प्लास्टिकच्या डब्यांत येतं, पारदर्शक झाकणाचे, छान मजबूत डबे. आणि ते निळ्यात चालत नाहीत हे मी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, कारण काळ्या रंगातल्या काजळीमुळे छाननीच्या मशीनचा प्रकाश त्याच्यावरून परत येत नाही, मशीनला तो डबा दिसतच नाही, मग तो सरळ कचऱ्यात. आईने सगळं ऐकून घेतलं होतं आणि एकही डबा टाकला नव्हता. धुवून एकात एक घालून कपाटात. त्यातल्या एकात तिने आठ लाडू घातले, बाटल्यांच्या पिशवीत वर ठेवला आणि पहाटे खिडकीत बसून राहिली. आजींनी डबा उघडला, वास घेतला, घराकडे बघितलं. आईने बाळाचा हात धरून हलवला. आजींनी मान लववली आणि निघून गेल्या, बस एवढंच.

दोन आठवड्यांनी, परत निळ्याच्या दिवशी, हँडलला तोच काळा डबा अडकवलेला. स्वच्छ धुतलेला. आत सहा छोटी संत्री. आईचा चेहरा बघण्यासारखा होता. "बघ," म्हणाली, "रिकामा डबा परत देत नाहीत त्यांच्यात पण."

मग तो डबा जात येत राहिला. चकल्या गेल्या, कसलेतरी तिळाचे गोड गोळे आले, आतमध्ये लाल सारण, आईने उपासाला चालेल का म्हणून विचारलं, मी म्हटलं बिनधास्त खा. एप्रिलमध्ये आई गेली. त्यानंतर मी थोडे दिवस बाटल्यांची पिशवी लावायचे, अजूनही लावते, पण पहाटे उठून बसणं माझ्याच्याने होत नाही. पिशवी मात्र सकाळी रिकामी असते.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे १ जानेवारी २०२६ पासून इथले नियम बदललेत. निळ्या डब्याची कल्पना मुळात इकडचीच, टोरंटोपासून शंभरेक किलोमीटरवरच्या किचनरमध्ये १९८३ ला पहिल्यांदा गावभर निळी खोकी वाटली, आणि आता इतक्या वर्षांनी अख्ख्या ऑन्टारियोसाठी एकच यादी केलीय. निळ्याचा खर्च आणि जबाबदारी वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकलीय. यादीत नवीन काय काय आलंय तर कॉफीचे कप, टूथपेस्टच्या ट्यूब, आणि काळं प्लास्टिक. सात-आठ वर्षं मी ज्याला त्याला शिकवत आले की काळं निळ्यात नाही, बेसमेंटच्या पोरांना तर डब्यावर कागद चिकटवून सांगितलं होतं, तो कागद मी गेल्या आठवड्यात खरवडून काढला.

रात्री आईला व्हॉट्सॲपवर फोन लावला, म्हटलं आई, बातमी आहे, आता ते काळे डबे निळ्यात चालतात. तिकडे सकाळ होती, मागे बेल वाजली, आई "आले हो ताई" म्हणत फोन घेऊनच दाराकडे गेली, मला छत दिसत होतं. बादली दिल्याचा आवाज, काहीतरी बोलणं, हसणं. मग परत तिचा चेहरा आला, एकदम घाबरलेला.

"माझे डबे टाकलेस की काय तू?"

नाही टाकले. कपाटात आहेत, एकात एक. सतरा.